विश्लेषण : ऊसही त्यांचा, मोटारही त्यांची! कार्बोरेटरच्या जेटमुळे वालचंद हिराचंद पुन्हा का आठवतात?

बारामती-इंदापूर पट्ट्यात कालव्याच्या कडेने, माळरानावरून जुनी फोर-स्ट्रोक ऑफ-रोड बाइक पळवणारे अनेक हौशी आहेत. यातल्या काहींना अलीकडे एक त्रास जाणवतो. रेस दिली की गाडी अडखळते आणि इंजिन लवकर तापते. अशा वेळी मिस्त्री कार्बोरेटर उघडतो आणि आतला पितळेचा जेट बदलून पाहतो. या त्रासामागे एक कारण असू शकते, ते म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल. हे इथेनॉल बनते त्यातला बराचसा कच्चा माल उसाचा. इंदापूरच्या माळावर साखर कारखाना उभारणारा आणि देशात मोटार बनवण्याचा ध्यास घेणारा माणूस मात्र एकच होता, वालचंद हिराचंद. काय होती त्यांची धडपड?

जेट म्हणजे काय?

जेट म्हणजे बारीक छिद्र असलेला पितळेचा छोटा स्क्रू. त्या छिद्रातून किती पेट्रोल हवेत मिसळायचे, ते ठरते. गाडी जागेवर सुरू असताना आणि थोड्या थ्रॉटलवर पायलट जेट काम करतो, मधल्या टप्प्यात सुई आणि पूर्ण थ्रॉटलवर मुख्य जेट. पेट्रोल कमी पडले तर प्लग पांढरट होतो व इंजिन तापते. जास्त झाले तर प्लग काजळतो आणि ॲव्हरेज घसरते. प्लगचा रंग फिकट तपकिरी असेल, तर मिश्रण बरोबर आहे असे मिस्त्री मानतात. छिद्राच्या मापात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी इंजिनाची चाल बदलते. इतके अचूक भाग देशातच बनले पाहिजेत, हाच वालचंद यांच्या मोटार कारखान्यामागचा मुद्दा होता.

कोण होते वालचंद हिराचंद?

त्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात, गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घरचा धंदा कापूस आणि सावकारीचा. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून ते व्यवसायात आले, पण पेढीवर त्यांचे मन रमले नाही. रेल्वेत कारकून राहिलेले लक्ष्मणराव फाटक यांच्यासोबत त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून सुरू झालेला हा प्रवास पुढे बोरघाटातल्या बोगद्यांपर्यंत पोहोचला. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचा पाया घातला गेला.

त्याआधी १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली होती. ५ एप्रिल १९१९ रोजी तिचे ‘लॉयल्टी’ जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. आजही ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

इंदापूरच्या माळावर कारखाना कसा आला?

नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच या भागात आला होता. १९३० च्या दशकात वालचंद यांनी इंदापूर तालुक्यात कळंब परिसरात जमीन घेतली. त्यात शेतकऱ्यांच्या खंडाने घेतलेल्या जमिनीही होत्या. ऊस लावला, साखर कारखाना उभा केला आणि कामगारांची वसाहत बांधली. तेच आजचे वालचंदनगर. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावातही त्यांनी असाच प्रयोग केला.

या यशाला दुसरी बाजूही आहे. १९६१ च्या कमाल जमीन धारणा कायद्यानंतर खासगी साखर कारखान्यांकडच्या जमिनी शेती महामंडळाकडे गेल्या. मूळ खंडकरी शेतकऱ्यांना आपल्या जमिनीसाठी त्यानंतर अनेक दशके लढावे लागले.

मोटार कारखान्याला अडथळा कोणाचा?

त्या काळी मोटारी भारतात बनत नव्हत्या, फक्त जोडल्या जात होत्या. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्स १९२८ पासून परदेशी सुटे भाग जोडून गाड्या तयार करत होती. भारतातच मोटार बनवण्याची योजना सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी मांडली आणि ती प्रत्यक्षात आणण्यासाठी वालचंद पुढे आले. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फिसकटली, क्रायस्लरशी जमली. पण दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. मोटार कारखाना युद्धासाठी आवश्यक आहे, हे मानायला ब्रिटिश सरकार तयार नव्हते. त्यामुळे यंत्रसामग्री आणण्याची वाट बंद झाली.

त्याच अमेरिका दौऱ्यात विमानप्रवासात त्यांची ओळख विल्यम पॉली या अमेरिकी विमान उद्योजकाशी झाली. त्यातून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बंगळूरुत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी उभी राहिली. युद्ध भारताच्या दारात येताच १९४२ मध्ये सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. आजच्या एचएएलची मुळे याच कंपनीत आहेत. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. तिथून १४ मार्च १९४८ रोजी ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात उतरले.

मोटारीचे स्वप्न १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या रूपाने मार्गी लागले. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. सुरुवातीला बरेच भाग बाहेरूनच येत. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि एकेक भाग इथे बनू लागला.

जोडणी आणि निर्मिती यांत फरक काय पडला?

जोडणीला पाने-पकडी आणि मजूर पुरतात. निर्मितीसाठी ओतकाम, अचूक छिद्रे पाडणारी यंत्रे, तपासणीची साधने आणि सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने लागतात. १९५३ मध्ये केंद्र सरकारने देशात भाग बनवण्याचा आराखडा असलेल्या कंपन्यांनाच पुढे वाव देण्याचे धोरण घेतले. त्यानंतर जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी इथले काम गुंडाळले. वालचंद यांचा आग्रह असा सरकारी धोरणात उतरला, पण त्याचे फळ पाहायला ते नव्हते. पक्षाघातानंतर ते कामातून बाजूला झाले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

मग आज जेट का बदलावा लागतो?

उसाच्या मळीपासून बनलेले अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळण्याची कल्पना नवी नाही. वालचंद यांच्या हयातीतच, १९४८ मध्ये, त्यासाठी केंद्राने पॉवर अल्कोहोल कायदा केला होता. आता देशात २० टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते. एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, तर एक किलो इथेनॉलला सुमारे ९ किलो. २० टक्के मिश्रणासाठी हा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन थोडे जास्त हवे.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ बाइकमध्ये बहुतांशी फ्युएल इंजेक्शन आहे. तिथे सेन्सर हे प्रमाण काही मर्यादेपर्यंत सांभाळतो. २०११ मध्ये आलेल्या हिरो इम्पल्ससारख्या कार्बोरेटरच्या गाडीत छिद्र ठरलेल्या मापाचेच असते. म्हणून आधी एअर फिल्टर आणि कार्बोरेटर साफ करावा, मग प्लग पाहावा. तो पांढरट असेल तरच मुख्य जेट एक नंबर मोठा टाकून पुन्हा तपासावे. एकदम मोठा जेट टाकला तर प्लग काजळतो.

वारसा कुठे दिसतो?

प्रीमियर पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईचा निरोप घेतला. वालचंदनगरच्या कारखान्याने मात्र साखर कारखान्यांच्या यंत्रांपासून इस्रोच्या रॉकेटच्या भागांपर्यंत मजल मारली. शेजारच्या बारामतीत पियाजिओच्या ॲपे रिक्षा आणि २०१२ पासून व्हेस्पा स्कूटर बनतात. ज्या पट्ट्यात वालचंद यांनी साखर कारखाना उभारला, तिथे आज गाड्याही बनतात आणि त्यांत भरायच्या इंधनासाठी ऊसही पिकतो.