डॉ. व्हर्जिनिया ॲपगार आणि बाळाचे पहिले मिनिट

बाळाच्या डिस्चार्ज कार्डवर 'ॲपगार ७/९' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. ॲपगार हे एका डॉक्टरांचे आडनाव आहे.

व्हर्जिनिया ॲपगार यांचा जन्म १९०९ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत झाला. त्यांना सर्जन व्हायचे होते, पण वरिष्ठांच्या सल्ल्याने त्या भूलतज्ज्ञ झाल्या. प्रसूतिगृहात त्यांना दिसले, की सगळे आईकडे धावतात आणि न रडणारे, निळसर बाळ दुर्लक्षित राहते. म्हणून १९५२ मध्ये त्यांनी गुणपद्धत मांडली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंची ताकद, प्रतिसाद आणि त्वचेचा रंग. प्रत्येकाला ० ते २ गुण. गुण द्यायचे म्हणजे बाळाकडे पाहावेच लागते! एका मिनिटाला आणि पुढे पाचव्या मिनिटालाही गुण देण्याची पद्धत पडली.

पहिला आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. बऱ्याच बाळांचा तो पाच मिनिटांत वाढतो. हातपाय सुरुवातीला निळसर असतातच, त्यामुळे पूर्ण १० क्वचितच मिळतात. बाळाची बुद्धी यावरून ठरत नाही.

१९७४ मध्ये त्यांचे निधन झाले. श्वास अडकलेला कोणी वाटेत भेटला तर, म्हणून त्या श्वासमार्ग मोकळा करण्याची नळी नेहमी जवळ बाळगत.