रुडॉल्फ डिझेल: जुन्या गाड्यांना भाव आला, इंजिन बनवणारा मात्र कर्जात गेला

पेण-रोहा भागात राहत असाल तर 'डिझेल' हा शब्द रोज कानावर पडतोच. सहा आसनी मिनीडोर, एसटी, गणपतीच्या मूर्ती भरून पेणहून निघणारे टेम्पो, आणि लाइन इलेक्ट्रिक होईपर्यंत दिवा-रोहा गाडी ओढणारं इंजिनसुद्धा. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि पुढच्याच कोलाडहून १९९९ पासून ट्रक रेल्वेवर चढवून गोव्याकडे नेतात. म्हणजे कित्येक वर्षं एक डिझेल इंजिन पन्नासेक बंद डिझेल इंजिनं पाठीवर घेऊन पळत होतं! पण डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

सध्या जुन्या डिझेल गाड्यांना लिलावात चांगला भाव मिळू लागलाय. नीट राखलेल्या जुन्या मर्सिडीज, जीप वगैरे. या गाड्या पूर्वी थेट भंगारात जायच्या. आता हा भाव का चढतोय हे कळायला आधी रुडॉल्फची गोष्ट कळायला हवी.

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ चा, पॅरिसमधला. आईवडील जर्मन. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनांचं युद्ध पेटलं आणि या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावं लागलं. बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे शिकायला धाडलं. पुढे म्युनिकला इंजिनिअरिंग केलं. तिथे कार्ल फॉन लिंडे हे प्राध्यापक होते, फ्रिजमागचं तंत्र ज्यांनी विकसित केलं तेच. त्यांच्या वर्गात रुडॉल्फला कळलं की वाफेचं इंजिन कोळशातली नव्वद टक्के उष्णता वायाच घालवतं. ते त्याच्या डोक्यात बसलं ते कायमचं.

त्याची आयडिया तशी साधी. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं ना? हवा दाबली की तापते. रुडॉल्फ म्हणाला, सिलिंडरमध्ये हवा इतकी दाबू की इंधन आत सोडताच ते आपोआप पेटेल. पेट्रोल इंजिनासारखी ठिणगी लागणारच नाही. १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ मध्ये पेटंट मिळालं. आउग्सबुर्गचा कारखाना आणि क्रुप कंपनीने पैसा लावला. पहिल्याच चाचणीत एक भाग फुटून उडाला, रुडॉल्फ थोडक्यात वाचला. चार वर्षं हेच चाललं. फेब्रुवारी १८९७ मधल्या अधिकृत चाचणीत इंजिनाने इंधनातली सुमारे २६ टक्के उष्णता कामात बदलून दाखवली. त्या काळात हा आकडा जवळपास अविश्वसनीय होता.

मग पैसा धो धो आला. अमेरिकेतले हक्क बिअरवाले अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्कांना घेतले. १८९८ मध्ये सगळे हक्क एका नव्या कंपनीकडे गेले, मोबदला ३५ लाख मार्क. खरी गोची इथेच होती, कारण यातला बराचसा मोबदला रोख नव्हता, त्याच कंपनीचे शेअर्स होते. आजच्या स्टार्टअपवाल्यांना हे वेगळं समजवायला नको! सुरुवातीची इंजिनं गिऱ्हाइकांकडे बिघडत होती, पेटंटवरून कोर्टकचेऱ्या चालू होत्या, जमिनीत आणि तेलाच्या विहिरींत घातलेला पैसा बुडत होता. तब्येतही ढासळली. ती कंपनी १९११ मध्ये गुंडाळली.

२९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवर होता. जेवून केबिनकडे गेला, सकाळी लवकर उठवायला सांगून. सकाळी बिछान्यावर कोणी झोपल्याची खूणही नव्हती. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला, त्याच्या खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. खून, कट अशा भरपूर कहाण्या आहेत, युट्यूबवर तर विचारूच नका. मला कर्जाचं कारणच जास्त पटतं, कारण नंतर उघड झालं ते एवढंच की माणूस आतून पूर्ण कफल्लक झाला होता.

त्याच्या हयातीत हे इंजिन गाडीत बसवण्याइतकं हलकं झालंच नाही. इंधन आत सोडायला वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. १९२७ मध्ये बॉशचा इंजेक्शन पंप बाजारात आला आणि १९३६ मध्ये मर्सिडीजने '२६० डी' आणली. सुमारे २,००० गाड्या बनल्या आणि बऱ्याच टॅक्सी म्हणून धावल्या.

भावाचं गणित इथेच आहे. पेट्रोलची स्पोर्ट्स कार मालकाने गॅरेजमध्ये जपली. म्हणून २०२२ मध्ये एक मर्सिडीज १३.५ कोटी युरोंना गेली, तीही पेट्रोलचीच. डिझेल गाडी मात्र मरेपर्यंत राबवली. लाखो किलोमीटर, मग भंगार. त्यामुळे चांगल्या अवस्थेत फार थोड्या उरल्या. त्यात २०१५ चं फोक्सवॅगन प्रकरण झालं आणि २०२० मध्ये मारुतीनेही डिझेल गाड्या बंद केल्या. नवी येत नाही म्हटल्यावर जुनीची किंमत वाढते.

गावाकडे पडवीत डिझेल ॲम्बेसेडर उभी असेल तर घाई करू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार 'व्हिंटेज' ठरायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात आणि गाडी मूळ रूपात असावी लागते. नवं इंजिन टाकून, दरवाजे कापून 'मॉडिफाय' केलेली चालत नाही. डिझेल ॲम्बेसेडर आली १९८० च्या आसपास. म्हणजे पहिल्या गाड्यासुद्धा २०३० च्या सुमारास पात्र होतील, आरसी बुक तोवर सांभाळून ठेवलंत तर.