इंग्रजांचे बळ ओळखणारे महादजी शिंदे

आपल्या पलसाण्याशेजारच्या सुरतेचे नाव निघाले की शिवरायांची स्वारी आठवते. पण याच सुरतेत मार्च १७७५ मध्ये रघुनाथरावांनी पेशवेपदाच्या लोभाने इंग्रजांशी तह केला आणि साष्टी-वसई देऊ केली. त्यातून पेटलेल्या युद्धात ज्यांनी मराठी राज्य सावरले, त्या महादजी शिंद्यांचे स्मरण आम्ही यंदा करीत आहोत.

महादजी हे राणोजी शिंद्यांचे पुत्र. १७६१ साली पानिपतावर घरची माणसे गेली आणि त्यांचा स्वतःचा पाय कायमचा अधू झाला. राणेखानाने त्यांना वाचवले; महादजींनी त्याला जन्मभर भाऊ मानले.

जानेवारी १७७९ मध्ये पुण्यावर निघालेल्या मुंबईकर इंग्रजांना मराठी फौजांनी वडगावला कोंडून शरण आणले. पण मुंबईकरांनी तो करार झुगारला. पुढच्याच महिन्यात कर्नल गॉडार्ड बंगालची फौज घेऊन बऱ्हाणपूरमार्गे सुरतेत पोहोचला. १७८० मध्ये ग्वाल्हेर गेले, वसईही गेली. एक फौज हरली तर कलकत्त्याहून दुसरी येते, आणि समुद्रावर सत्ता असल्याने मुंबईची रसद तुटत नाही, हे इंग्रजांचे खरे बळ होते.

महादजींनी ते ओळखले. १७८२ च्या सालबाईच्या तहात ते पेशवे आणि इंग्रज यांच्यातले मध्यस्थ झाले. वसई परत मिळाली, साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. भरूच शिंद्यांना मिळाले. मग त्यांनी द बॉयन या युरोपीय सेनानीकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, आग्र्याला तोफा ओतवल्या. १७९० मध्ये पाटण आणि मेडता इथे या पलटणींनी विजय मिळवले.

दोन उणिवा मात्र राहिल्या. शिंद्यांकडे आरमार नव्हते, आणि पलटणींचे बहुतेक वरिष्ठ अधिकारी परके होते. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले. १८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध जुंपताच त्यातले अनेक अधिकारी दौलतराव शिंद्यांना सोडून गेले. त्याच वर्षी भरूचही इंग्रजांनी घेतले.

शस्त्र आणि कवायत उसनी आणता येते, निष्ठा आपल्याच माणसांत घडवावी लागते, असे आम्हांस वाटते. गावी जाता-येता पुण्यात थांबणाऱ्या सभासदांनी वानवडीची शिंदे छत्री मुलांना अवश्य दाखवावी.

गणपती बाप्पा मोरया!