तांबटाच्या हातची लेणी

पुण्याच्या शनिवारवाड्यात एके काळी चित्रकलेची शाळा भरायची, हे तुम्हाला माहीत आहे? त्या शाळेतला सगळ्यात गाजलेला चित्रकार म्हणजे गंगाराम चिंतामण नवगिरे, ऊर्फ गंगाराम तांबट.

काळ सवाई माधवरावांचा. १७८६मध्ये चार्ल्स मॅलेट इंग्रजांचा रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. गंगारामचा हात त्यानं बरोबर हेरला आणि त्याला काम दिलं. पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा गंगारामनं कागदावर उतरवला, तो १७९०च्या सुमारास. पुढे कार्ल्याची आणि वेरूळची लेणीही काढली.

तेव्हा कॅमेरा नव्हता. युरोपात, हॉलंडपासून लंडनपर्यंत, शहरांची दृश्यं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली जायची आणि घरबसल्या जग बघायला मिळायचं. आपल्याकडे मात्र लांबचं जवळचं दाखवणारी, खोली दाखवणारी ही पद्धत नवी होती. १७९१मध्ये मुंबईत आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स पुढे पुण्यात आला आणि ती शिकवू लागला. गंगारामनं ती उचलली, पण आपली बारीक, नेटकी रेघ काही सोडली नाही.

मग आलं १७९५. ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरात ठाण्याजवळ वेल्स गेला. शाळेचा आधारच तुटला.

वेल्सची वेरूळची चित्रं थॉमस डॅनियलच्या देखरेखीखाली लंडनमध्ये १८०३ला छापली गेली. एकूण २४ दृश्यं. ग्रंथावर नावं वेल्स आणि डॅनियल यांची. वेल्सचा पुण्यातला जोडीदार तिथे कुठेच नाही. तांब्याच्या पत्र्यावरची ती चित्रं, आणि ज्याच्या आडनावातच तांबं, तोच बाहेर!

तरी गंगाराम पुसला गेला नाही. मॅलेटनं त्याची रेखाटनं जपली. आज ती अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहात, त्याच्याच नावानं आहेत.

आता तुमचं बघा. ईट-भूमहून धाराशिवची लेणी काही फार लांब नाहीत, नळदुर्गही जिल्ह्यातलाच. मोबाइल खिशात ठेवा, वही काढा, तासभर बसून एक खांब तरी नीट काढा. आणि हो, कागदाच्या कोपऱ्यात स्वतःचं नाव आणि तारीख टाकायला विसरू नका.