गोलरक्षकाची उपेक्षा

गोल करणाऱ्याचे नाव घरोघरी पोहोचते. गोल अडविणारा मात्र बहुधा त्याच्या चुकीपुरताच स्मरणात राहतो. ४ जून १९०२ रोजी नागपुरात जन्मलेले हॉकीपटू रिचर्ड जेम्स ॲलन यांच्या वाट्याला नेमके हेच आले.

१९२८ साली ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये हिंदुस्थानचा संघ प्रथमच उतरला. पाच सामन्यांत संघाने २९ गोल केले. त्यांतील १४ ध्यानचंद यांचे होते आणि ते सर्वांना ठाऊक आहेत. पाचही सामन्यांत गोलरक्षण करणाऱ्या ॲलन यांनी एकही गोल होऊ दिला नाही, ही गोष्ट मात्र फार थोड्यांना माहीत असते.

१९३२ साली जागतिक मंदीमुळे लॉस एंजेलिसला हॉकीचे अवघे तीन संघ आले. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात हिंदुस्थानने २४ गोल केले आणि एक स्वीकारला. तो गोल झाला तेव्हा ॲलन गोलपाठीमागील प्रेक्षकांना स्वाक्षऱ्या देण्यात दंग होते, असे सांगितले जाते. या आख्यायिकेमुळे ते विक्षिप्त ठरले. वस्तुतः चेंडू आपल्या बाजूला फिरकतच नसेल, तर गोलरक्षकाचे एकाकीपण किती असह्य होत असेल, याचा विचार हसणाऱ्यांनी केला नाही.

त्या विक्षिप्तपणाला बर्लिनने उत्तर दिले. १५ ऑगस्ट १९३६ रोजी जर्मनीविरुद्ध झालेल्या अंतिम सामन्यात मध्यंतरापर्यंत हिंदुस्थानकडे केवळ एका गोलाची आघाडी होती. ॲलन यांच्याकडून तेव्हा एक चूक झाली असती, तरी ती आघाडी पुसली गेली असती. सामना अखेर ८-१ असा जिंकला गेला. १९२८ ते १९३६ या काळातील तिन्ही सुवर्णपदके मिळविणारे खेळाडू दोनच : ध्यानचंद आणि ॲलन. त्यांपैकी एक दंतकथा झाला, तर दुसरा विनोद.

ॲलन ज्या अँग्लो-इंडियन समाजातून आले, तो खानदेशाला परका नव्हता. भुसावळसारख्या मोठ्या रेल्वे जंक्शनच्या वसाहतींत तो नांदत होता आणि हॉकी हा त्याच्या विशेष जिव्हाळ्याचा खेळ होता. स्वातंत्र्यानंतर त्यातील अनेक कुटुंबे परदेशी गेली. मागे राहिलेल्या मैदानांना त्यांची आठवण सांगणारे कोणी उरले नाही, आणि महाराष्ट्रात जन्मलेल्या या खेळाडूलाही महाराष्ट्राने आपला मानले नाही. १९६९ साली ॲलन निवर्तले.

जळगाव असो वा धुळे, शाळेच्या संघात गोलात उभे राहण्याचे काम सहसा ज्याला दुसरी जागा मिळत नाही, त्याच्याच गळ्यात पडते. अशा मुलाला ॲलन यांच्या स्वाक्षऱ्यांची गोष्ट अवश्य सांगावी; परंतु त्याआधी ॲम्स्टरडॅमचे ते पाच सामने सांगावेत.