डॉक्टर वॉल्डेमार हाफकिन

सर्पदंशावरील औषधामुळे मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव आपल्या लातूर-नांदेडकडील खेड्यापाड्यांतही परिचित आहे. परंतु हाफकिन हे एका गृहस्थाचे नाव होते, हे आपल्या विद्यार्थ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

वॉल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात सुप्रसिद्ध प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉफ हे त्यांचे गुरू होते. शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळून टाकणाऱ्या पेशी असतात, हे जगास दाखवून दिले ते याच मेचनिकॉफ यांनी. शिष्यही बुद्धिमान होता. पण ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याखेरीज त्यास अध्यापकाची जागा मिळेना, आणि स्वधर्म सोडण्यास तो राजी होईना. आम्हां ख्रिस्ती लोकांस ही हकीकत सांगताना संकोच वाटतो. तथापि ती सांगितलीच पाहिजे. अखेर १८८९ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना सहायक ग्रंथपालाची जागा मिळाली. पुस्तके सांभाळून उरलेला वेळ ते प्रयोगशाळेत घालवीत. तेथेच त्यांनी पटकीची लस सिद्ध केली, १८९२ साली प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि पुढील वर्षी ते हिंदुस्थानात आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उद्भवला. प्लेग म्हणजे काय, हे पालकांस निराळे सांगावयास नको. किल्लारीच्या भूकंपानंतर वर्षभराने, १९९४ साली, शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावी प्लेगचा संशय आला तेव्हाची धास्ती पुष्कळांना स्मरत असेल.

हा जंतू मोठा कपटी. पिसवेच्या थंड शरीरात तो उघडाच राहतो; परंतु मनुष्याच्या रक्ताची ऊब लागताच स्वतःभोवती प्रथिनाचे एक बुळबुळीत कवच रचू लागतो. आरंभी काही जंतू गिळले जातात खरे, पण ते भक्षक पेशीच्या पोटातच तग धरतात आणि बाहेर पडतात ते कवच लेवूनच. मग भक्षक पेशी जवळ आली तरी तिला पकड मिळत नाही. तेल लावलेला पहिलवान जसा प्रतिस्पर्ध्याच्या हातून निसटतो, तसा तो निसटतो. न्युमोनियाच्या जंतूचे कवच शर्करेचे असते. युक्ती मात्र तीच. यावर शरीराजवळ एक तोड आहे. कवचाची ओळख आधी पटलेली असेल, तर रक्तातील प्रतिपिंडे त्यास चिकटतात, आणि भक्षक पेशीस धरावयास जणू मूठ मिळते.

या कवचाचे स्वरूप विसाव्या शतकाच्या मध्यास उलगडले. हाफकिन यांस ते ठाऊक नव्हते. मेलेल्या जंतूंची ओळख करून दिल्यास शरीर जिवंत जंतूंशी झुंजेल, एवढ्याच विश्वासावर ते चालले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील एक खोली व एक पडवी, मदतीस एक कारकून व तीन शिपाई, एवढाच त्यांचा संसार. मांसरसात तुपाचे थेंब सोडून ते जंतू वाढवीत, आणि मग उष्णतेने मारीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. लस न घेतलेल्या १७२ कैद्यांपैकी १२ आजारी पडून ६ दगावले. घेतलेल्या १४७ पैकी दोघेच आजारी पडले आणि एकही दगावला नाही.

१९०२ साली मात्र पंजाबातील मुल्कोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष परळच्या प्रयोगशाळेवर आला व हाफकिन यांस पदावरून दूर व्हावे लागले. वस्तुतः ते सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते, आणि ती बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी जाहीरपणे त्यांची बाजू मांडली, तेव्हा १९०७ साली ते निर्दोष ठरले. पाच वर्षे! एवढ्या काळात मुंबईची जागा दुसऱ्याकडे गेली होती. हाफकिन कलकत्त्यास रुजू झाले. परळच्या संस्थेस त्यांचे नाव दिले गेले ते १९२५ साली. १९३० मध्ये स्वित्झर्लंडातील लोझान येथे ते निवर्तले. ते अविवाहित होते. आपली पुंजी त्यांनी ज्यू मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवली.