कंदिलाच्या उजेडात सापडलेले औषध

आसामच्या चहामळ्यांत आणि बंगाल-बिहारच्या खेड्यांत एकेकाळी काळाआजार शिरला की गावे ओस पडत. महिनोन्‌महिने न हटणारा ताप, वाढलेल्या प्लीहेमुळे फुगलेले पोट, हाडाला चिकटलेली, काळवंडलेली कातडी. उपचाराविना बहुतेक रुग्ण दगावत. १९०३ मध्ये लिशमन आणि डोनोव्हन यांनी या रोगाचा परजीवी शोधला. औषधाचा मात्र पत्ता नव्हता.

डॉ. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांचा जन्म १८७३ चा. वडील रेल्वेत डॉक्टर. उपेंद्रनाथांचा ओढा आधी गणित आणि रसायनशास्त्राकडे होता, वैद्यकी नंतर आली. पुढे तेच रसायनशास्त्र कामी आले. १९०५ पासून ते कोलकात्याच्या कॅम्पबेल मेडिकल स्कूलमध्ये शिकवत आणि रुग्ण तपासत.

काळाआजारावर तेव्हा टार्टार एमेटिक, म्हणजे अँटिमनी आणि पोटॅशियमचा क्षार, शिरेतून देत. त्याने गुण येई, पण उपचार महिनोन्‌महिने चाले. उलट्या होत, हृदयावर ताण येई. अनेक जण उपचार अर्धवट सोडत. अँटिमनी आर्सेनिकच्याच कुळातले मूलद्रव्य. आर्सेनिकच्या सेंद्रिय संयुगांपासून एर्लिक यांनी जर्मनीत उपदंशावर औषध काढले होते. मग अँटिमनीचे तसेच संयुग का करू नये, असा ब्रह्मचारींचा तर्क होता.

प्रयोगशाळा म्हणजे एक लहानशी खोली. गॅस नाही, नळ नाही, वीज नाही. रात्री रॉकेलच्या कंदिलावर काम चाले. १९२० मध्ये तिथेच त्यांनी स्टिबॅनिलिक आम्ल आणि युरिया यांच्यापासून ‘युरिया स्टिबामाइन’ तयार केले. महिन्यांचा उपचार काही आठवड्यांवर आला. आसामात मोठ्या प्रमाणावर ते वापरले गेले आणि असंख्य जीव वाचले.

१९२२ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली. बरे झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर पुढे चट्टे आणि गाठी उठत आणि त्यांत तोच परजीवी सापडे. औषधाच्या झगमगाटात हे निरीक्षण झाकले गेले. वास्तविक ते तितकेच मोलाचे आहे.

१९२९ मध्ये नोबेलसाठी त्यांचे नाव सुचवले गेले. १९३४ मध्ये ‘सर’ हा किताब मिळाला. नोबेल मात्र मिळाले नाही, रॉयल सोसायटीची फेलोशिपही नाही. वाळूमाशी हा रोग पसरवते याचा निर्णायक पुरावा १९४२ मध्ये आला, तो त्यांच्या हयातीतच. ६ फेब्रुवारी १९४६ रोजी त्यांचे निधन झाले.

युरिया स्टिबामाइन आता वापरात नाही. अँटिमनीच्या औषधांना बिहारमधला परजीवी पुढे दाद देईना, तेव्हा दुसरी औषधे आली. त्वचेवरचे ते चट्टे मात्र आरोग्य कर्मचारी आजही शोधत असतात. ताप गेलेला असतो, रुग्ण हिंडता-फिरता असतो आणि त्याला चावलेली वाळूमाशी तोच परजीवी शेजारच्या घरात नेऊ शकते.